अलार्म वाजला, जिना उतरता येत नाही: थांबायचं की उचलून न्यायचं?

सातवा मजला (धागालेखिका)
मणक्याच्या दुखण्यामुळे चार वर्षं वॉकरवर आहे. कठड्याला धरून दहा-बारा पायऱ्या उतरते, मग पाय कापायला लागतात. मागच्या महिन्यात पहाटे अडीचला अलार्म झाला. मी जिन्याच्या दाराशी पोचले तेव्हा वरची माणसं धाडधाड उतरत होती. जो तो क्षणभर थबकायचा, "काय करू या?" विचारायचा आणि मागून रेटा आला की पुढे जायचा. एका भल्या मुलाने न विचारता काखेत हात घालून मला उचललं. वॉकर आडवा पडला, त्यात एका बाईंचा पाय अडकला आणि त्या दोन पायऱ्या घसरल्या. माझ्या पाठीत अशी कळ गेली की मी ओरडले. आग नव्हतीच, अलार्म खोटा होता.

माझं मत स्पष्ट आहे. मला उचलू नका. जिन्याच्या अग्निरोधक दाराआड, टप्प्यावर मला थांबू द्या, दार लावून घ्या आणि एकाने खाली जाऊन अग्निशमन दलाला सांगा, "सातव्याच्या टप्प्यावर एक बाई आहे."

अंधारातला जिना
ताई, तुमचा त्रास कळतो, पण हे मुळीच पटत नाही. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये लोकांना "घरातच थांबा" सांगितलं गेलं. आगीचा पहिला फोन रात्री 12:54 ला गेला आणि तो सल्ला मागे घेतला 2:47 ला. 72 माणसं गेली. 37 अपंग रहिवाशांपैकी 15 जण त्यात होते. माझे वडील काठीवर चालतात. अलार्म झाला तर मी त्यांना पाठुंगळी घेईन, फरपटत नेईन, पण थांबवणार नाही. पाठ नंतर बरी करता येते.

सातवा मजला
तिथे घरात थांबायला सांगितलं होतं, मी जिन्यात म्हणतेय. आग बाहेरच्या आवरणातून चढली होती हेही लक्षात घ्या. पण एक मान्य करते, तिथल्या जिन्यातही धूर शिरला होता. म्हणजे सगळं दारावर आहे. आमच्या मजल्यावर हवा यावी म्हणून त्याला कुंडी लावून ते सताड उघडं ठेवतात. मी दर आठवड्याला कुंडी सरकवते, ती परत येते. 2019 च्या चौकशी अहवालाने, ज्यांना स्वतःहून बाहेर पडणं अवघड आहे अशा प्रत्येकासाठी वैयक्तिक योजना करायची शिफारस केली होती. तीच मी मागतेय.

प्रशिक्षित स्वयंसेवक
दोघांनाही सांगतो. टप्पा सुरक्षित असतो तो धूर नसेतोवर. खालून धूर वर येताना दिसला की योजना बदलायची. अंधारातला जिना म्हणतात तसं पाठुंगळी घेऊन दोन मजले जमतात, सातव्यावरून तुम्हीच कोसळाल आणि जिना अडेल. उतरवायची खास खुर्ची मिळते, तिच्या मागच्या पट्ट्या पायऱ्यांवरून घसरत जातात. शिकलेला एक माणूस ती उतरवू शकतो. 1993 च्या स्फोटानंतर न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अशा खुर्च्या आणल्या होत्या. त्याच स्फोटात 69व्या मजल्यावरच्या एका व्हीलचेअरवरच्या कर्मचाऱ्याला खाली यायला सहा तास लागले होते. 2001 मध्ये त्यालाच दहा सहकाऱ्यांनी खुर्चीतून दीड तासात उतरवलं.

लिफ्टचा मोह मात्र नको. तिचा उभा बोगदा धूर ओढून घेतो आणि वीज गेली की माणूस मध्येच अडकतो. अपवाद फक्त आपत्कालासाठीच बांधलेल्या लिफ्टचा.

नाव नको
खुर्ची भिंतीला टांगून धूळ खात राहील. ती चालवणारा रात्री घरी असेल कशावरून? शिवाय अशा योजनेसाठी मदत लागणाऱ्यांची यादी लावायची म्हणजे कोण एकटं, कोण आजारी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळणार. आणि खरं सांगू? ज्यांना उतरता येत नाही त्यांनी तळमजल्यावर राहावं.

सातवा मजला
हे वाचून फार वाईट वाटलं. घर घेतलं तेव्हा मी एकाआड एक पायरी चढायचे. उद्या तुमचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला तर सहा आठवडे कुठे राहाल? यादीबद्दलची शंका रास्त आहे. ती भिंतीवर नको, सुरक्षारक्षकाकडे बंद पाकिटात असू दे, दलाच्या हातीच पडेल अशी. खुर्चीसाठी प्रत्येक मजल्यावर दोघं-तिघं शिकलेले असावेत, म्हणजे एक नसला तर दुसरा.

अंधारातला जिना
पाठुंगळीचं म्हणणं मागे घेतो, थांबण्याचं मात्र अजून गळी उतरत नाही. टप्प्यावर तुम्ही बसल्यावर बाकीचे उतरणार कसे? मोजलंय कधी?

सातवा मजला
मोजलंय. वॉकर दुमडून भिंतीला लावला आणि मी कोपऱ्यात स्टूलवर बसले की दोन माणसं शेजारी शेजारी जातात. रविवारी पुन्हा करून बघणार आहोत, या वेळी दिवे घालवून. तुम्हीही तुमच्या वडिलांना घेऊन एकदा करून बघा.