‘गरिबांचा अध्यक्ष’ अहमदीनेजाद? साफ असहमत

अनघा_कोथरूड

रानवारा यांनी काल ‘इराणला लाभलेला शेवटचा गरिबांचा अध्यक्ष’ म्हणून अहमदीनेजादवर लिहिलं. लोहाराचा मुलगा, साधं जाकीट, १९७७ची प्यूजो गाडी, तेलाचा पैसा लोकांच्या ताटात नेणारा, अमेरिकेसमोर ताठ उभा राहणारा. बाकी सगळी पाश्चात्त्य माध्यमांनी केलेली बदनामी. खाली ‘डोळे उघडले’ म्हणणाऱ्यांची रांग. तिथे चार ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

२००५ ते २०१३ या आठ वर्षांत त्याच्या हाती आला तेवढा तेलाचा पैसा आधीच्या एकाही अध्यक्षाला मिळाला नव्हता. जुलै २००८ मध्ये पिंपाचा भाव १४७ डॉलरवर गेला होता. आणि १९४८ पासून चाललेली नियोजन संघटना त्यानं २००७ मध्ये मोडीत काढली, म्हणजे खर्चाचा जाब विचारणारं कुणी उरायलाच नको. त्याच वर्षी जूनमध्ये, तेलावर तरंगणाऱ्या देशात, पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि तेहरानमध्ये लोकांनी पंप पेटवले. गरिबांसाठीच्या मेहर गृहयोजनेची घरं मध्यवर्ती बँकेच्या पैशावर उभी राहिली; ती किंमत महागाईच्या रूपानं सगळ्यांनी मोजली. त्याची कारकीर्द संपताना महागाईचा दर ३० टक्क्यांच्या वर होता.

आता ताठ मान. डिसेंबर २००६ मध्ये तेहरानमध्ये होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवर, शंका घेणाऱ्यांची परिषद भरवली. त्याच महिन्यात अणुकार्यक्रमावरून सुरक्षा परिषदेचा निर्बंधांचा १७३७ क्रमांकाचा ठराव आला. या भाषणबाजीतून शिराझच्या मजुराला काय मिळालं, ते मला कुणीतरी सांगा.

आमच्या वरच्या मजल्यावर इराणी मुली भाड्यानं राहायच्या. त्यातली एक शिराझच्या शाळामास्तरांची मुलगी. ती आली तेव्हा डॉलरला साधारण दहा हजार रियाल पडायचे, ऑक्टोबर २०१२ मध्ये पस्तीस हजारांवर गेले. परदेशी विद्यार्थ्यांची फी डॉलरमध्ये. येताना आईनं दिलेला छोटा गालिचा तिनं कॅम्पातल्या दुकानदाराला विकला. तो माणूस गाठी मोजायला गालिचा उलटा करून बघत होता आणि ही शेजारी उभी राहून त्याला कोपऱ्यातला डाग आधीच दाखवत होती, नंतर फसवल्यासारखं वाटू नये म्हणून. मी सोबत होते. त्या मास्तरांचा अध्यक्ष कोण होता मग?

रानवारा

अनघाताई, गालिच्याची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण रियाल अहमदीनेजादनं पाडला की तेलबंदीनं? मार्च २०१२ मध्ये इराणी बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, काढल्या, जुलैपासून युरोपनं तेल घेणं बंद केलं, ऑक्टोबरमध्ये रियाल कोसळला. क्रम तुमच्यासमोर आहे.

आणि मवाळपणानं काय मिळालं होतं हो? आधीचे अध्यक्ष खातमी ‘संस्कृतींचा संवाद’ म्हणत होते. डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीत बॉनला अफगाणिस्तानचं सरकार बसवायला इराणनं मदत केली, आणि जानेवारी २००२ मध्ये बुशनी त्याच इराणला ‘दुष्ट अक्षा’त टाकलं. हे पाहिलेली जनता कुणाला निवडणार? पुढे नतान्झच्या अणुकेंद्रात संगणक-विषाणू सोडला, अणुशास्त्रज्ञांना भर रस्त्यात मारलं. मजीद शहरयारींच्या गाडीला बॉम्ब चिकटवला होता. ही माध्यमांची बदनामी नव्हे, हा हल्ला होता.

शिवाय अध्यक्षाच्या हातात असतं काय? अणुकार्यक्रम, सैन्य, परराष्ट्र धोरण, शेवटचा शब्द सर्वोच्च नेते खामेनींचा असायचा. एप्रिल २००६ मध्ये याच माणसानं बायकांना स्टेडियममध्ये येऊ द्या म्हटलं, तर मुल्लांनी हाणून पाडलं. २०११ मध्ये गुप्तचर मंत्री मोस्लेही यांना खामेनींनी काढू दिलं नाही म्हणून तो अकरा दिवस घरी बसला. तुम्ही सगळं खापर एकट्याच्या डोक्यावर फोडता.

मोंढा_लातूर

कुणी आवडो न आवडो, आमचा फायदा झाला हे लिहून ठेवतो. डॉलरमध्ये पैसे देता येईनात तेव्हा तेलाचे काही पैसे कोलकात्याच्या यूको बँकेत रुपयात जमा होऊ लागले, आणि त्या रुपयात इराण इथून माल घ्यायचा. बासमती, चहा आणि आमची सोयापेंड. २०१२-१३ला इराण पेंडीचं मोठं गिऱ्हाईक होतं. लातूरच्या मोंढ्यात तेव्हाचा सोयाबीनचा भाव शेतकरी अजून सांगतात. आत्ता काय मिळतंय विचारा जरा.

दर्यावर्दी

मोंढासाहेब, त्या वर्षी अमेरिकेत दुष्काळ होता, भाव जगभर चढले होते. सगळं श्रेय इराणला नको.

मी बंदर अब्बासला जाणाऱ्या जहाजांवर होतो. जहाजांचा विमा उतरवणाऱ्या युरोपच्या क्लबांनी हात वर केले की खलाशाच्या जिवाचीही हमी उरत नाही, हे कुणाला माहीत नसतं. कागदावर ‘निर्बंध’ एवढंच दिसतं. आमच्या एका पोराचा हात विंचमध्ये गेला, भरपाईसाठी त्याचा बाप एजंटाच्या पायऱ्या झिजवत राहिला. यावर कुणी धागा काढत नाही.

खडूस_मास्तर

पेंडीवरून मूळ मुद्द्याकडे या. गरिबांचा अध्यक्ष की नाही, याचं उत्तर एका आकड्यात आहे: ४५,५०० तोमान (एक तोमान म्हणजे दहा रियाल). डिसेंबर २०१० मध्ये अनुदानं कापली, कोट्यातलं पेट्रोल १०० वरून ४०० तोमान केलं, कोट्याबाहेरचं ७००, आणि बदल्यात माणशी महिना ४५,५०० तोमान थेट खात्यात. घरात पाच माणसं तर पाचपट. पूर्वी स्वस्त पेट्रोलचा फायदा उत्तर तेहरानच्या गाडीवाल्यांना व्हायचा. तो पैसा पहिल्यांदा बलुचिस्तानच्या झोपडीत पोचला. नाणेनिधीनंही वाखाणलं होतं. तुम्हाला माणूस आवडत नाही म्हणून योजना वाईट ठरत नाही.

अनघा_कोथरूड

मास्तर, पुढचं गणितही मांडा. सुरुवातीला ४५,५०० तोमान म्हणजे सुमारे ४४ डॉलर. रियाल पडल्यावर तेच १३ डॉलर. रक्कम तीच ठेवली, भाव धावत सुटले. कायद्यात कारखानदार-शेतकऱ्यांसाठी ३० टक्के वाटा लिहिला होता, त्यातलं त्यांच्या हाती फारसं काही पडलं नाही. वीज, डिझेल महाग झालं, छोटे कारखाने बसले, आणि त्यातला कामगार गरीबच होता ना?

खडूस_मास्तर

कारखान्यांचं मान्य, तिथे फसवणूक झाली. पण ‘फुकटचे पैसे मिळाले की लोक आळशी होतात’ असं म्हणणारे इथे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी सांगतो: सालेही-इस्फहानी या अर्थतज्ज्ञांनी इराणचीच आकडेवारी तपासली, लोकांनी कामं सोडल्याचं दिसलं नाही.

मोंढा_लातूर

कामं सोडत नाहीत कसं? आमच्याकडे सोयाबीन काढणीला माणूस मिळेना झालाय, महिन्याला बायकांच्या खात्यावर सरकारी पैसे आले की कोण येतंय उन्हात?

खडूस_मास्तर

मजुरी वाढवून बघा, येतात की नाही! बाईच्या हातात पहिल्यांदा चार पैसे आले की तुम्हा लोकांच्या पोटात का दुखतं?

मोंढा_लातूर

‘तुम्हा लोकांच्या’ म्हणजे कुणाच्या? मी स्वतः बारा एकर कसतो. पगार घेऊन शेतीवर बोलणाऱ्यांनी तोंड सांभाळावं.

दर्यावर्दी

दोघंही थांबा. इराणवर या.

रानवारा

धन्यवाद मास्तर, निदान एकानं योजना नीट वाचली. अनघाताई, त्यानंच २००९ मध्ये इस्लामी प्रजासत्ताकातली पहिली स्त्री मंत्री नेमली, आरोग्यमंत्री मर्झिये वहीद दस्तजेर्दी. हे तुमच्या लेखात नाही. पुण्यात भाडं घेऊन इराण समजत नाही.

अनघा_कोथरूड

माझ्या भाड्यावर घसरायचं कारण नाही. त्या मुलीकडून आम्ही शेवटचे महिने भाडं घेतलं नाही, आणि तेही इथे लिहायची माझी इच्छा नव्हती.

दस्तजेर्दींचं नाव तुम्हीच काढलंत, तर पूर्ण सांगा. औषधांना निर्बंधांतून सूट होती, तरी पेमेंट अडायचं, हे मला मान्य. तिथे अमेरिका-युरोपचा दोष आहेच. पण त्या बाई म्हणत होत्या की औषधांच्या आयातीसाठी ठरलेलं परकीय चलन आपलंच सरकार देत नाही. रुग्ण ताटकळत होते. डिसेंबर २०१२ मध्ये अहमदीनेजादनं त्यांना काढून टाकलं. यात खामेनी कुठे आले? बुश कुठे आले? पहिली स्त्री मंत्री रुग्णांच्या बाजूनं बोलली आणि गरिबांच्या अध्यक्षानं तिला घरी पाठवलं.

रानवारा

दस्तजेर्दींना काढणं चूकच होतं. एवढं मान्य करतो. तरी दबाव बाहेरून नसता तर चलन आटलंच नसतं, हा माझा मुद्दा कायम.

दर्यावर्दी

रानवारा, निर्बंधांनी माणसं भरडली हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तुमच्याइतकंच मलाही ते टोचतं. पण ती ढाल २००९ला पुरत नाही. १२ जूनच्या निवडणुकीत अहमदीनेजादला ६२ टक्के मतं जाहीर झाली, घोटाळा झाला म्हणत लाखो लोक रस्त्यावर आले, आणि यानं त्यांना कचरा म्हटलं. तेव्हा युरोपची तेलबंदी यायला तीन वर्षं होती. २० जूनला नेदा आगा-सुल्तान गोळी लागून पडली. कहरीझकच्या कोठडीत पोरं मेली, त्यातलं एक तर सत्तेच्याच गोटातल्या माणसाचं होतं. त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले मीर हुसैन मुसवी आणि त्यांच्या पत्नी झहरा रहनवर्द यांना फेब्रुवारी २०११ मध्ये घरात कोंडलं, ते वर्षानुवर्षं सुटले नाहीत. हुकूम वरून आला म्हणाल, पण खुर्चीत हाच होता आणि याच्याच विजयासाठी ते सगळं चाललं होतं. तुमच्या एवढ्या लांब लेखात यावर एक ओळ नाही. ती लिहा, मग पेंडीवर आणि तोमानवर हवं तेवढं बोलू.