डिप्लोमा हातात, पण पगाराची चिठ्ठी वाचता येईना!

गच्चीवरचा
आमचे चिरंजीव इथे अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहेत. कॅल्क्युलस पक्कं. उन्हाळ्यात पहिली नोकरी धरली, तासाला १५ डॉलर, आठवड्याला २० तास. पहिला पगार झाला तेव्हा चिठ्ठी माझ्यासमोर नाचवत म्हणाला, "बाबा, ३०० हवेत. यांनी २३ डॉलर खाल्ले!"

खाल्ले कुठले! सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणचा आरोग्यविमा) १.४५ टक्के, मिळून २२.९५ डॉलर. टक्के काढता येत नव्हते असं नाही, ते कापतात हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पगारातून आयकर किती कापायचा ते ठरवणाऱ्या डब्ल्यू-४ फॉर्मवर तर न वाचताच सही ठोकली होती.

डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचा दाखला, देण्याआधी सेमिस्टरभर पैशांचा विषय सक्तीचा हवा. युटा राज्यात केव्हाच आहे, फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा केला. बाकीच्यांचं घोडं कुठे अडतंय?

खडू-फळा
वेळापत्रकात अडतंय. मी चौदा वर्षं हायस्कूलला गणित शिकवतेय. नवा विषय आत आला की जुना कोणीतरी बाहेर जातो, आणि तो कधीच बीजगणित नसतो. आमच्याकडे सुतारकामाची शॉप, म्हणजे वर्कशॉपचा विषय, गेली. आता त्या खोलीत क्रोमबुक लॅपटॉप चार्ज करायची कपाटं आहेत. भिंतीवर करवती टांगायच्या खुंट्या मात्र अजून तशाच आहेत.

शिवाय डिप्लोमासाठी जी क्रेडिट्स जमवायची, त्यातलं एक क्रेडिट म्हणजे वर्गात साधारण १२० तास, हा हिशेब १९०६ च्या कार्नेगी युनिटपासून चालत आलाय. म्हणजे मोजतो आपण बसणं. दहावीत शिकवलेला डब्ल्यू-४ नोकरी लागेपर्यंत कोण लक्षात ठेवतो? तुम्ही एका संध्याकाळी समजावलंत ना? झालं की.

गच्चीवरचा
मी समजावलं, कारण मला येतं. ज्यांच्या आईबापांनाच येत नाही त्या पोरांचं काय? मी नवीन आलो तेव्हा माझा डब्ल्यू-४ ऑफिसातल्या एकाने भरला होता. मीही सहीच ठोकली.

उंटावरचा शहाणा
खडू-फळा यांच्याशी सहमत. सक्तीचं काय होतं ते शिकागोत बघा. २०१७ मध्ये ठरलं की २०२० च्या बॅचपासून डिप्लोमा हवा तर पुढे काय करणार त्याचा पुरावा द्यायचा : कॉलेज, सैन्य, अप्रेंटिसशिप, नोकरी नाहीतर गॅप इयर (वर्षभर शिक्षणाला सुट्टी). ऐकायला झकास. पण शहरातली कम्युनिटी कॉलेजं हायस्कूल झालेल्या कोणालाही घेतात! कागद मिळाला, अट पुरी. तयारी गेली उडत.

आणि मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये डिप्लोमासाठी एमकॅस ही राज्याची परीक्षा पास व्हायची अटच काढून टाकली. वारा कुठला नि तुम्ही शीड कुठे लावताय!

सांगोवांगी
कागदासाठी का होईना, पोरगं काउन्सेलरसमोर बसतं. तेवढंही नशिबी नसतं कित्येकांच्या.

मला विचाराल तर हे वर्गात होणारं कामच नाही. जर्मनीत अप्रेंटिसशिप करणारी पोरं आठवड्याला तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत, दोन ते साडेतीन वर्षं, वर पगार. पगाराची चिठ्ठी तिथे पाठ्यपुस्तकात शोधावी लागत नाही.

उंटावरचा शहाणा
आणि तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, ते? दहाव्या वर्षी पोराचं भविष्य ठरवायला आहे तयारी? शिवाजी जन्मावा शेजारच्या घरी, तसा प्लंबरही शेजाऱ्याचाच पोरगा व्हावा. या धाग्यावर कितीजण स्वतःच्या मुलाला तिकडे घालतील, हात वर करा.

सांगोवांगी
माझा वर. माझा भाचा इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करतोय, अंगावर शिक्षणाचं एक डॉलर कर्ज नाही. त्याच्या आईला मात्र चारचौघांत सांगताना अजून जड जातं.

गच्चीवरचा
टोमणा लागला. काल पोराला विचारलं, शॉप असती तर घेतली असतीस का? म्हणाला, "ट्रान्सक्रिप्टवर कशी दिसली असती?" (म्हणजे कॉलेजला पाठवायच्या गुणपत्रकावर.) हे आमच्याच घरात शिकलाय तो, शाळेला कशाला बोल लावू.

तरी सेमिस्टरचा हट्ट सोडत नाही. अर्धं क्रेडिट चालेल.

खडू-फळा
अर्ध्यालाही खोली आणि शिक्षक लागतो हो. पुढच्या महिन्यात टक्केवारीची उजळणी आहे, तेव्हा एक तास डब्ल्यू-४ आणि पगाराची चिठ्ठी घेऊन बघते. ना मार्क, ना परीक्षा.

गच्चीवरचा
त्या चिठ्ठीचा फोटो पाठवू का? नाव खोडून देतो.