मदत हवी आहे: वाढत्या संस्थेत सीओओ (कामकाज चालवणारा मुख्य अधिकारी) नेमायचा आहे, त्याच्याकडे नेमकं काय सोपवावं?

निरगुडी

नमस्कार. मराठवाड्यातल्या तीन जिल्ह्यांत पाणलोट आणि जिल्हा परिषद शाळांमधलं शिक्षण, अशा दोन विषयांवर काम करणाऱ्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मी आहे. नोंदणी सोसायटी आणि सार्वजनिक न्यास अशी दोन्ही आहे. १२एबी आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, म्हणजे सीएसआर, घेण्याची नोंदणी), एफसीआरए (परदेशी निधी घेण्याची नोंदणी) सगळं चालू स्थितीत आहे. तीन वर्षांत माणसं १८ ची ६४ झाली. यंदाचं अंदाजपत्रक ४ कोटी ८० लाखांचं आहे. पाच कंपन्यांच्या सीएसआरचे ३ कोटी १० लाख, एका परदेशी निधीदात्याचे १ कोटी १० लाख, बाकी ६० लाख वैयक्तिक देणग्या.

अडचण अशी की सगळं संस्थापक-सचिवांपाशी येऊन थांबतं. कंपनीचा फोन, जीपचं बिल, रजेचा अर्ज, मुख्याध्यापकांची तक्रार, सगळंच. लेखापाल दोन, प्रकल्प समन्वयक तीन, एचआर म्हणून वेगळं कोणी नाही. सीओओ नेमायचं मंडळाने ठरवलंय, पण जाहिरातीच्या मसुद्यात 'संस्थेचे दैनंदिन कामकाज पाहणे' एवढंच लिहिलंय. त्यातून काहीच ठरत नाही.

विचारायचं आहे ते असं: कामाची वाटणी कागदावर कशी आणायची? पगार कोणत्या हेडवर टाकायचा? कंपनीतून आलेला माणूस घ्यावा की आतलाच समन्वयक वर आणावा? आणि अशी नेमणूक फसते ती कुठे?

जमाखर्च

ते वाक्य आधी काढून टाका. कामांची यादी करण्यापेक्षा निर्णयांची यादी करा. गेल्या तीन महिन्यांच्या व्हाउचर फाइली, ईमेल आणि ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप घेऊन बसा आणि सचिवांनी 'हो' किंवा 'नाही' म्हटलेली प्रत्येक गोष्ट उतरवून काढा. शे-दीडशे ओळी सहज होतील. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने: ठरवणार कोण, विचारायचं कोणाला, नुसतं कळवायचं कोणाला. पहिल्या रकान्यात एकच नाव. दोन नावं आली की तो निर्णय पुन्हा सचिवांकडे गेला असं समजा.

साधारण वाटणी अशी होते. संस्थेची दिशा, नवा जिल्हा घ्यायचा की नाही, मोठ्या देणगीदारांशी आणि शासनाशी बोलणी हे सचिवांकडे राहतं. अंदाजपत्रक आणि रोख, नेमणुका, रजा, खरेदी, वाहनं, करार, कायद्याच्या तारखा आणि प्रकल्पांचा महिन्याचा आढावा सीओओकडे जातो. खरा वाद होतो तो समन्वयक कोणाच्या हाताखाली यावरून. माझ्या मते ते सीओओच्याच हाताखाली हवेत. समन्वयक सचिवांकडे आणि ऑफिस सीओओकडे अशी विभागणी केली तर तुम्ही चांगल्या पगाराचा हेडक्लार्क नेमलात. पैसा एकाच्या हातात आणि काम दुसऱ्याच्या, त्यात महिनाअखेरीस कोणालाच जाब विचारता येत नाही.

सह्यांच्या मर्यादा मंडळाच्या ठरावातच घाला. तुमच्या आकाराच्या संस्थेला चालतील असे आकडे: १०,००० पर्यंत समन्वयक, ३ लाखांपर्यंत सीओओ, त्यापुढे सचिव आणि कोषाध्यक्ष मिळून. अंदाजपत्रकात नसलेला खर्च कितीही छोटा असला तरी समन्वयकाच्या सहीवर नाही. ५०,००० च्या वर तीन दरपत्रकं. बँकेत मात्र दोन सह्या असू द्या, आणि ज्याने खर्च मंजूर केला त्याचीच एक सही त्या चेकवर नको.

शिवार

वरच्या प्रतिसादात भर घालतो. पाणलोट करणाऱ्या संस्थेत सीओओचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे निधीचं कॅलेंडर आणि शेताचं कॅलेंडर यांची गाठ घालून देणं. करार एप्रिलमध्ये होतो, पहिला हप्ता जुलै-ऑगस्टमध्ये येतो. तेव्हा शिवारात चिखल असतो, जेसीबी उतरत नाही. समतल चर, नाला खोलीकरण, बांध-बंदिस्ती ही कामं रब्बी निघाल्यावर जमीन मोकळी झाली की खऱ्या अर्थाने सुरू होतात आणि जूनच्या पहिल्या पावसापर्यंतच चालतात. म्हणजे कामाचा ऐन हंगाम ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. मार्चमध्ये कंपनी विचारते, 'पैसे का शिल्लक?' आणि मग घाईघाईने कुठेतरी खर्च दाखवायचा मोह होतो.

याला उपाय करारातच करायचा असतो. प्रकल्प 'ऑनगोइंग' म्हणून मंजूर करून घ्या. तो सुरू झाल्याचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. शिल्लक रक्कम कंपनीने वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकायची असते. ऑनगोइंग नसेल तर ती रक्कम सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मधल्या निधीकडे जाते, म्हणजे तुमच्या गावाच्या हातून गेली. कंपनीने संस्थेला पैसे दिले एवढ्याने खर्च झाला असं धरत नाहीत, संस्थेने प्रत्यक्ष खर्च करावा लागतो. म्हणून शिल्लक किती राहील हे सीओओने जानेवारीतच लेखी कळवायचं. मार्चमध्ये कळवलं तर कंपनीच्या बोर्डाकडे वेळ उरत नाही.

आतला की बाहेरचा, यावर: बाहेरचा चालतो, पण पहिला महिना त्याला ऑफिसात बसवू नका. कंपनीतून आलेले लोक बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात सकाळी साडेनऊची बायोमेट्रिक हजेरी आणतात. गावबैठक रात्री साडेआठला, माणसं शेतातून येऊन जेवली की सुरू होते. त्या कार्यकर्त्याला सकाळी उशीर लावला की तो गावबैठकाच बंद करतो. हजेरी हवीच, पण ती गावभेटीच्या नोंदवहीवरून.

आतल्या समन्वयकाला वर आणलंत तर उलटी अडचण. त्याला गावं माहीत असतात, पण कालच्या दोन बरोबरीच्या सहकाऱ्यांना तो 'नाही' म्हणू शकत नाही. शिवाय त्याचा जुना प्रकल्प त्याच्याकडेच ठेवला तर तो तिथेच रमतो. जुन्या प्रकल्पावर दुसरा माणूस आल्याशिवाय बढती देऊ नका.

कागदोपत्री

पगाराच्या हेडबद्दल. आधी एक गैरसमज काढून टाकूया, कारण पाचांपैकी दोन-तीन कंपन्या तो तुमच्यासमोर मांडतीलच. 'सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्केच चालतो' असं सांगतात. नियमातली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेला आहे. तेव्हा सीओओचा जो वेळ त्या प्रकल्पाच्या देखरेखीत जातो, तो प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात लावता येतो. कंपनी 'नको' म्हणू शकते, पण 'कायदा नको म्हणतो' असं म्हणू शकत नाही.

एफसीआरएचं वेगळं आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तुमच्या १ कोटी १० लाखांवर ती मर्यादा २२ लाख. त्यात ऑफिसचं भाडं, लेखापाल, ऑडिट सगळं येतं, आणि व्यवस्थापनासाठी नेमलेल्या माणसाचा पगार व्याख्येनेच प्रशासकीय धरला जातो. आज तुम्ही २२ पैकी किती वापरताय ते आधी बघा.

आता हिशेब. समजा महिना ९०,००० द्यायचे. वर्षाचे १० लाख ८० हजार. पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विमा आणि तीन जिल्ह्यांचा प्रवास धरून साडेबारा लाख. एकूण अंदाजपत्रकाच्या २.६ टक्के. पहिल्या वर्षी पूर्ण रक्कम वैयक्तिक देणग्यांच्या ६० लाखांतून द्या आणि दरम्यान येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात संस्थात्मक खर्चाची ओळ घाला. सीएसआरच्या ३ कोटी १० लाखांवर ८ टक्के म्हटले तरी २४ लाख ८० हजार होतात. पगार एकाच निधीदात्यावर टाकू नका. तो प्रकल्प संपला की सीओओ जातो. आणि वाटून लावताना टाइमशीट (कुठल्या प्रकल्पाला किती वेळ दिला याची नोंद) खरी हवी. वर्षाअखेरीस एका बैठकीत भरलेल्या बारा टाइमशीट ऑडिटरला शाई बघूनच कळतात.

दोन सूचना मंडळासाठी. आयकराच्या दृष्टीने संस्थेचा 'मॅनेजर', मग पदाचं नाव काहीही असो, हितसंबंधी व्यक्तींत मोडतो. म्हणून पगार कामाच्या मानाने वाजवी आहे हे तुलनेसह ठरावात लिहून ठेवा. सचिवांच्या नातेवाइकाची गाडी भाड्याने असेल तर तीही याच कलमात येते. दुसरं, सीओओला विश्वस्त करू नका. मंडळाच्या बैठकीला बोलवा, मताचा अधिकार नको. विश्वस्त केलंत तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो आणि पगारी विश्वस्ताचा प्रश्न उभा राहतो.

निरगुडी

खूपच उपयोगी. ५ टक्क्यांचा मुद्दा आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत सीओओने काय हातात घ्यावं?

जमाखर्च

रोख. पुढच्या सहा महिन्यांचा तक्ता, आठवड्याचे रकाने, निधीदात्यागणिक वेगळी ओळ. ६४ माणसांचा पगार कुठल्या आठवड्यात कुठल्या पैशातून निघणार हे त्यात दिसलं पाहिजे. हप्ता लांबला की इकडची टोपी तिकडे करून पगार भागवतात, आणि त्या उसनवारीची नोंद कुठेच नसते. देशी निधीत हे कराराविरुद्ध असतं. परदेशी निधी देशी खात्यात वळवला तर थेट कायद्याचा भंग. त्यापेक्षा वैयक्तिक देणग्यांतून तीन महिन्यांच्या पगाराएवढी गंगाजळी हळूहळू उभी करा.

मग व्हाउचर. कुठलंही एक उचला आणि बघा. जीपचं डिझेल २,४०० रुपये, तारीख आहे, चालकाची सही आहे. पण त्या दिवशी जीप सकाळी शाळांवर आणि दुपारी पाणलोटाच्या दोन गावांना गेली होती. पूर्ण रक्कम शाळेच्या प्रकल्पात पडली, कारण ॲडव्हान्स त्या समन्वयकाच्या नावावर होता. लॉगबुकात १२० किलोमीटर, त्यातले ४५ शाळांचे. तर शाळेवर ९०० आणि पाणलोटावर १,५००. हा नियम एकदा लिहून लेखापालाच्या टेबलावर चिकटवा. जुना ॲडव्हान्स मिटल्याशिवाय नवा नाही, मुदत सात दिवस. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. ही मर्यादा चुकवायला तीन व्हाउचर फाडायची सवय असेल तर ती पहिल्याच महिन्यात मोडा.

कागदोपत्री

त्याबरोबर तारखांचा तक्ता भिंतीवर. दर महिन्याच्या ७ ला टीडीएस (पैसे देताना कापलेला आयकर), १५ ला पीएफ. ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. इथे चुकतं ते पॅनमध्ये. पावती देतानाच पॅन घ्या, मे महिन्यात देणगीदार फोन उचलत नाहीत. ३१ डिसेंबरला एफसी-४ (परदेशी निधीचं वार्षिक विवरण). आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यामुळे फॉर्मांचे क्रमांक सीएकडून तपासून घ्या.

आणि १० किंवा त्याहून जास्त कर्मचारी म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. तुमची तीन जिल्ह्यांत ऑफिसं असतील तर प्रत्येक ऑफिसला वेगळी. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाही इतक्या महिला, एक बाहेरची सदस्य. तक्रार आली की सीओओने ती आपसांत मिटवायला जाऊ नये, समितीकडेच द्यावी.

शिवार

फसते कुठे, याचं उत्तर राहिलं. नेमणूक फसते ती बहुतेक वेळा सचिवांच्या फोनवर. जुना कार्यकर्ता दहा वर्षांच्या सवयीने थेट फोन करतो, सचिव प्रेमाने 'बरं, करून टाक' म्हणतात. असं चार वेळा झालं की सीओओला कोणी विचारत नाही. पहिले सहा महिने सचिवांनी एकच प्रश्न विचारायचा: 'सीओओंशी बोललास का?' सीओओचा निर्णय पटला नाही तर सोमवारच्या दोघांच्या बैठकीत सांगायचं, सगळ्यांसमोर फिरवायचा नाही. ही गोष्ट मंडळाने सचिवांशी नेमणुकीच्या आधी बोलून घ्यावी. तुम्हीच बोला, निरगुडीताई, कारण सीओओला ती स्वतः मागता येत नाही.

निरगुडी

जाहिरात थांबवली आहे, निर्णयांची यादी आधी करतोय. सचिवांशी या आठवड्यात बोलते. एक शेवटचं: ५०,००० च्या वर तीन दरपत्रकं म्हणालात, पण तालुक्यात जेसीबीवाले दोनच आहेत. तिथे काय करायचं?

जमाखर्च

दर कामाला दरपत्रकं मागू नका. डिसेंबरमध्ये शेजारच्या तालुक्यांतूनही दर मागवा, हंगामासाठी दोघांशी तासाचा दर लेखी ठरवा. डिझेल कोणाचं आणि मशीन आणण्या-नेण्याचं भाडं कोणाचं हे त्यात स्पष्ट असू द्या, भांडणं तिथेच होतात. कामाच्या जागी मशीनवरच्या अवर मीटरचा सुरू होतानाचा आणि संपतानाचा आकडा मोबाइलने टिपायचा, नोंदवहीवर चालक, कार्यकर्ता आणि गावच्या पाणलोट समितीतल्या एकाची सही. बिल त्याच तासांवर, पैसे बँकेतून. एका बिलाला ३०,००० किंवा वर्षाला १ लाख ओलांडले की टीडीएस कापायचा, मालक व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म असेल तर २. तो राहिला तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग आयकरात धरत नाहीत.