घरचा लँडलाइन फायबरवर नेला तर लाईट गेल्यावर चालते का? नंबर तोच राहते का?

प्रतापनगरवाला
नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाबांचा लँडलाइन आहे, ०७१२ वाला, मी शाळेत होतो तेव्हापासूनचा. सिमेंट रोडसाठी खोदकाम झालं तेव्हापासून नुसती खरखर येऊन राहिली, पाऊस पडला की फोन मेलाच, लाइनमन येते, जोडून जाते, पुन्हा तेच. आता कंपनीवाले म्हणतात जुनी वायर सोडा, फायबर घ्या, फोन त्यावरच चालते. पण बाबा मोबाइल हातात धरत नाहीत आणि अकोल्याची आत्या, मामा सगळे याच नंबरवर बोलतात. नंबर राहीन का? उन्हाळ्यात दुपारची लाईट जाते तेव्हा काय? आणि वरच्या खोलीतही एक फोन आहे.

खामल्याची ताई
दादा, आधी नंबरचं पक्कं करा. कंपनी तीच असन तर बहुतेक तोच नंबर मिळते, पण अर्जावर जुना नंबर लिहून घ्या, नाही तर नवीन टाकून मोकळे होतात. कंपनी बदलली तर नंबर गेलाच, मोबाइलसारखं पोर्ट करणं आपल्याकडे लँडलाइनला नाही. आमच्या सासऱ्यांचा असाच गेला, बँकेत, गॅसला, नातेवाइकांकडे सगळीकडे तोच होता, किती दिवस ते फोनपाशी बसून राहायचे, खूप वाईट वाटायचं. दुसऱ्या कंपनीचं घेत असाल तर नवीन फोन नीट वाजल्याशिवाय जुना सरेंडर करू नका, आणि डिपॉझिट मागून घ्या.

वायरिंगवाला भाऊ
लाईटचं मी सांगतो, हेच काम करतो. जुन्या फोनला करंट एक्स्चेंजमधून यायचा, ४८ व्होल्ट, तिथं बॅटऱ्या असतात म्हणून घरात अंधार असला तरी चालायचा. फायबर म्हणजे काच, त्यातून उजेड जाते, करंट नाही. घरात फायबरच्या टोकाला एक डबा बसवतात, मॉडेम, फोन त्याला जोडतात आणि तो घरच्या लाईटवर चालते. मॉडेम बंद तर फोनही बंद. म्हणून छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, घ्याच, राऊटरसाठी मिळते तो. मॉडेमच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक १२ व्होल्ट, तेवढाच घ्या. घरात इन्व्हर्टर असन तर मॉडेमचा प्लग त्याच्या लाइनवर घेतला तरी झालं. फक्त कंपनीच्या बाजूची बॅटरी संपली तर आपला यूपीएस काही कामाचा नाही, म्हणून बाबांजवळ एक साधा बटनवाला मोबाइल चार्ज करून ठेवाच, रात्री-बेरात्री ११२ लावायची वेळ आली तर.
वरच्या फोनसाठी घरातली जुनी वायरिंग चालू शकते, मॉडेमच्या फोनवाल्या खाचेतून तिला जोडायचं. पण त्याआधी बाहेरून येणारी कंपनीची वायर डब्बीतून पूर्ण सोडवा. रिंगच्या वेळी तिच्यात ७५ व्होल्टच्या वर येते, मॉडेम जळू शकते.

प्रतापनगरवाला
भाऊ, ताई, लय आभार. बाबांचा खालचा फोन गोल डायलचा आहे, तो चालन?

वायरिंगवाला भाऊ
फोन येईन, उचलून बोलताही येईन. लावता येईन याची गॅरंटी नाही, बरेच मॉडेम त्या डायलची टकटक ओळखत नाहीत. बटनवाला घ्या, खाली पी आणि टी लिहिलेली खिटी असन तर टीवर करा. आकडे मोठे असलेला बघा, बाबांना सोपं जाईन. आणि मोबाइलवर लावताना आधी शून्य, २०२१ पासूनचा नियम आहे, तो फायबरवरही तसाच.