रंगीत आणि पारदर्शक कार्ट्रिज: बॉडी मूळची की बदललेली?

रंगीतखोकी
चार जुन्या व्हिडिओ गेम कार्ट्रिजबद्दल (गेम ज्यात असतो ती प्लास्टिकची डबी) विचारायचंय. टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डो ६४ मशिनाची दोन: पिवळं डाँकी काँग ६४ आणि सोनेरी ओकारिना ऑफ टाइम. हातात धरायच्या गेम बॉयची दोन: पोकेमॉन गोल्ड आणि पूर्ण पारदर्शक बॉडीतलं टेट्रिस. टेट्रिस गेम बॉय कलरवर (नंतरचं, रंगीत पडद्याचं मॉडेल) व्यवस्थित चालतं, पण जुन्या करड्या गेम बॉयमध्ये घातलं की पॉवरचं बटण सरकतच नाही. गोल्डमध्ये सेव्ह टिकत नाही. बॉडी मूळच्या आहेत का? आणि सोनेरी बॉडी अल्कोहोलने पुसली तर चालेल का?

खाचवाला
टेट्रिसची बॉडी नक्कीच बदललेली आहे. बटण अडतंय त्याचं कारणही तेच.

इतर बहुतेक मशिनांवर कार्ट्रिजचा रंग ही निव्वळ सजावट असते. गेम बॉयवर मात्र त्याला अर्थ आहे. करडं म्हणजे मूळ गेम बॉयसाठी, काळं म्हणजे दोन्हीकडे चालणारं आणि कलरवर रंगीत दिसणारं, पारदर्शक म्हणजे फक्त गेम बॉय कलरसाठी. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरसारखे खास रंग या नियमाबाहेरचे, ते दोन्हीकडे चालतात. म्हणून रंगापेक्षा खाच बघा. लेबल समोर धरलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात चौकोनी खाच दिसते. जुन्या गेम बॉयचं बटण सरकवताना प्लास्टिकची एक जीभ पुढे येऊन या खाचेत बसते, त्यामुळे मशीन चालू असताना कार्ट्रिज ओढून काढता येत नाही. फक्त-कलर कार्ट्रिजना ही खाच मुद्दाम ठेवलेली नाही. जीभ प्लास्टिकवर आपटते आणि बटण तिथेच थांबतं. गेम बॉय पॉकेट या नंतरच्या लहान मॉडेलमध्ये हे कुलूप नाही, म्हणून तिथे तुमचं टेट्रिस बिनतक्रार चालेल.

उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट (निन्टेन्डोच्या खास स्क्रूंसाठीचा पेचकस) लागेल. मागे एकच स्क्रू असतो. तो काढल्यावर झाकण वर उचलू नका, आधी दोन-तीन मिमी खाली सरकवा. जोर लावून उचकटलं की वरच्या कडेचे हूक तुटतात. टेट्रिसचा गेम अवघा ३२ केबीचा, त्यामुळे आत फक्त एक रॉम चिप (जिच्यात गेम साठवलेला असतो) दिसली पाहिजे. बॅटरी नाही, दुसरी चिप नाही. बोर्डावर निन्टेन्डोचं नाव आणि डीएमजीने (मूळ गेम बॉयचं सांकेतिक नाव) सुरू होणारा कोड छापलेला असतो.

सोनेरीकडा
निन्टेन्डो ६४च्या दोन्हींचे रंग बरोबर आहेत. डाँकी काँग ६४ (१९९९) पिवळ्यातच आलं. ओकारिना (१९९८) उत्तर अमेरिकेत आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना सोनेरी मिळालं, बाकीच्यांना करडं. म्हणजे करडं ओकारिनाही अस्सल असतं, आणि नेमकं म्हणूनच त्याचा बोर्ड उचलून सोनेरी बॉडीत घालणारे असतात. ओकारिना ज्या झेल्डा मालिकेतला आहे, तिच्या एनईएस या आधीच्या मशिनावरच्या पहिल्या गेमचंही तेच: १९८७ साली सोनेरी आलं, पुढे करड्या बॉडीतही विकलं गेलं. थोडक्यात, सोनेरी रंग हा पुरावा धरू नका.

बॉडीची आतली बाजू बघा. आतही तोच रंग असेल तर तो प्लास्टिकमध्येच मिसळलेला आहे. आत करडं आणि बाहेर सोनेरी असेल तर वर थर दिलाय. थर दिलेल्या बॉडीला अल्कोहोल अजिबात लावू नका. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, बस्स. तेही बोर्ड बाहेर काढून आणि लेबलपासून लांब. पारदर्शक प्लास्टिकवरही अल्कोहोल टाळा, स्क्रूच्या खांबांभोवती केसासारखे बारीक तडे येऊ शकतात. ९०% किंवा त्याहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त बोर्डाच्या पिनांवर, कापसाच्या काडीने.

पिवळटपणा घालवायचा हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय करड्या बॉडीसाठी आहे. रंगीत बॉडीचा मूळ रंगही त्याने उडतो, आणि तो एकसारखा उडत नाही, ढगांसारखे पट्टे राहतात. ते परत जात नाहीत.

एक जाता जाता: चिपऐवजी काळ्या इपॉक्सीचा (घट्ट झालेल्या राळेचा) थेंब दिसला की लोक लगेच नकली म्हणतात. गेम बॉयवर तो संशय रास्त आहे, पण फॅमिकॉमच्या (एनईएसचं जपानी रूप) कित्येक अस्सल बोर्डांवर असेच थेंब आहेत.

डाखवाला
गोल्डचा सेल संपलाय. त्यातलं घड्याळ सेलवर रात्रंदिवस चालतं, म्हणून पोकेमॉनच्या आधीच्या रेड-ब्लू गेमच्या आधी गोल्ड-सिल्व्हर मरतात. टॅब (डाख द्यायच्या धातूच्या पट्ट्या) जोडलेला सीआर२०२५ सेल घ्या. सीआर२०३२ची क्षमता जास्त (साधारण २२० एमएएच, सीआर२०२५ची १६०), पण जाडी २.५ऐवजी ३.२ मिमी, त्यामुळे झाकण फुगून राहतं आणि कार्ट्रिज स्लॉटमध्ये घट्ट जातं.

सेल काढण्याआधी + बाजूचा फोटो काढा. टॅब उपटू नका, खालचा तांब्याचा पॅड निघून येतो. ३५० अंशांना डाख वितळवा, प्रत्येक टॅबला दोन-तीन सेकंदच. नवा सेल लावण्याआधी मीटरवर ३ व्होल्टच्या वर दाखवतोय ना, ते बघा. सेलच्या अंगावर थेट डाख देऊ नका, आणि चिकटपट्टीने तर मुळीच बसवू नका: कार्ट्रिज पडलं, संपर्क क्षणभर सुटला, की सेव्ह गेलं.

ओकारिनातही सेव्हसाठी सेल आहे, तोही तपासून ठेवा. डाँकी काँग ६४ ईईप्रॉमवर (सेलशिवाय टिकणारी मेमरी) सेव्ह करतं, तिथे काही करायचं नाही.

रंगीतखोकी
टेट्रिस उघडलं. एकच चिप, कोड डीएमजीचाच. ओकारिना आतून-बाहेरून सोनेरी आहे. आता टेट्रिसच्या याच बॉडीला खाच पाडू का?

खाचवाला
बोर्ड बाहेर काढून, दोन्ही अर्ध्या जोडून स्क्रू लावा आणि बारीक कानशीने घासा. माप एखाद्या करड्या कार्ट्रिजवरून आखून घ्या. कटरने कापू नका, पारदर्शक प्लास्टिक कोपऱ्यातून तडकतं. घासून झाल्यावर भुकटी धुवून, पूर्ण वाळवून मगच बोर्ड बसवा. फक्त ही बॉडी खरोखर एखाद्या फक्त-कलर गेमची असेल तर तिला हात लावू नका. आतल्या बाजूला निन्टेन्डोचं नाव कोरलेलं आहे का ते आधी बघा. असेल तर ती जपून ठेवा आणि टेट्रिसला खाच असलेली करडी बॉडी शोधा.