मदत हवी आहे: महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज 'अप्रूव्ह्ड', पण खात्यात काहीच नाही

रानजाई
धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. खुला प्रवर्ग, कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून) प्रवेश, विनाअनुदानित कॉलेज. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज उत्पन्नाच्या आकड्यावरून एकदा परत आला होता. दुरुस्त करून पाठवला, आता 'अप्रूव्ह्ड' दिसतोय. दोन महिने झाले, पैसे नाहीत. बँक म्हणते आधार लिंक आहे, कॉलेज म्हणतं बँकेत जा. नेमकं बघायचं कुठे? शिवाय मामेबहीण यंदा बारावीला आहे, तिची तयारी आत्तापासून काय करावी?

दप्तरदार
ताई, आधार लिंक असणं वेगळं आणि सीडिंग होणं वेगळं. काउंटरवरचा माणूस बहुतेकदा पहिल्याबद्दल बोलत असतो. लिंक म्हणजे केवायसीसाठी नंबर खात्याला जोडला, एवढंच. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) मॅपरमध्ये, म्हणजे आधार-बँक यादीत, त्या आधारसमोर त्या बँकेचं नाव चढलं. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा, पैसा मॅपर बघून येतो, आणि तिथे एका आधारसमोर एकच बँक राहते: शेवटी सीड झालेली.

'माय आधार' या आधारच्या वेबसाइटवर भावाच्या नंबरने लॉगिन करा (आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा, ओटीपी त्यावरच येतो) आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा.

'इनॅक्टिव्ह' असेल तर शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या, त्यावर 'डीबीटीसाठी' असं लिहा आणि शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर पुन्हा केवायसीच करून देतील.

'ॲक्टिव्ह' आहे आणि बँकही बरोबर आहे, तर खात्याचा प्रकार विचारा. अपुऱ्या कागदांवर उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर शिल्लक सहसा ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एक लाखाहून जास्त जमा होत नाही. या योजनेत मिळणारी विनाअनुदानित कॉलेजची निम्मी ट्यूशन फी त्यापुढे जाऊ शकते. मग रक्कम अडकू किंवा परत फिरू शकते. पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या.

तिफण
महाडीबीटीवर लॉगिन करून 'रिडीम' (मंजूर रक्कम उचलण्याचं बटण) असं काही दिसतंय का तेही बघा. मंजुरीनंतर तिथे क्लिक करायचं राहून गेल्याने अडकलेले अर्ज कमी नाहीत.

आणि उत्पन्नावरून अर्ज का परत आला होता? तीन वर्षांच्या दाखल्याची बेरीज तर नव्हती ना भरली?

रानजाई
तेच! २,४०,०००, २,५५,००० आणि २,७०,००० यांची बेरीज टाकली होती, ७,६५,०००.

स्टेटस बघितलं. 'ॲक्टिव्ह' आहे, पण बँक भलतीच. सिमकार्ड घेताना दुकानात अंगठा घेतला होता, ते पेमेंट बँकेचं खातं निघालं. त्यात शिल्लक शून्य.

तिफण
मग नशीब चांगलं म्हणायचं. बेरीज आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेवर गेली असती तर ही योजना पात्र योजनांच्या यादीत दिसलीच नसती आणि चूक कळलीही नसती. शेवटच्या वर्षाचा आकडा भरायचा असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत २,७०,०००.

दप्तरदार
नेहमीच्या बँकेत नव्याने सीडिंग करा, जुनी नोंद आपोआप सरकेल. स्टेटसमध्ये नवीन बँक दिसू लागली की त्याची प्रिंट आणि अर्जाचा आयडी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात द्या. काहीही झालं तरी अर्ज 'कॅन्सल' करू नका. मुदत उलटली असेल तर पुन्हा भरताच येत नाही.

पुढच्या वर्षी नूतनीकरण भरताना 'करंट कोर्स'मध्ये पहिलं वर्ष 'कम्प्लिटेड' करून निकाल चढवा, मगच दुसरं वर्ष जोडा. पहिलं वर्ष तसंच 'कंटिन्यू' राहिलं की गाडी तिथेच रुतते.

मोगरा_७
मामेबहिणीचा प्रवर्ग कोणता? ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी ५० ऐवजी १०० टक्के मिळते. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. 'मुलींना सगळं फुकट' हे व्हॉट्सॲपवरचं वाक्य डोक्यातून काढा. डेव्हलपमेंट फी भरावीच लागते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, फॉर्म १६ चालत नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिलनंतर नवीन काढा. जून-जुलैत दाखले देणाऱ्या सेतू केंद्रांवर रांगा लागतात. पोर्टलवर कागद १५ ते २५६ केबीमध्येच चढतो. मोबाइलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, आणि तो दाबून बसवताना बारकोड आणि शिक्का पुसट होतो. मग शेरा येतो 'डॉक्युमेंट नॉट क्लिअर'. स्कॅनरवर काळ्या-पांढऱ्यात काढा.

रानजाई
ती ओबीसी आहे. पण बीएस्सीचंही मनात आहे तिच्या.

मोगरा_७
मग दोन नावं लिहून ठेवा. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती, वर्षाला ८०,०००. त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. त्याखाली केंद्रीय क्षेत्र योजना, एनएसपी (राष्ट्रीय शिष्यवृत्ती) पोर्टलवर: बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, पदवीची तीन वर्षं दरसाल १२,०००. ही घेतली की दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, तेव्हा दोन्हीकडे भरण्याआधी आकडे मांडून बघा. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. बरीच मुलं हजेरीवर घसरतात.

रानजाई
सोमवारी बँकेत जाते. संमती अर्ज घरून लिहून नेऊ की त्यांचाच छापील असतो?

दप्तरदार
छापील असतो. नसेल तर साध्या कागदावर खाते क्रमांक, आधार क्रमांक, सध्या सीड असलेल्या बँकेचं नाव आणि भावाची सही. खातं त्याचं आहे, तेव्हा त्यालाही बरोबर न्या.