नदीवर फिरणारी लष्करी बोट: गस्तीनौका, गस्तीनाव की युद्धनौका?

धरमपेठेतून:
व्हिएतनाम युद्धावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात अमेरिकी नौदलानं १९६६ पासून ज्या बोटी फिरवल्या, त्यांना 'युद्धनौका' म्हणावं असं एका मित्राचं मत. मला ते पटत नाही. युद्धनौका म्हटलं की डोळ्यांपुढे विक्रांत उभी राहते. ही बोट जेमतेम ३१-३२ फुटांची, फायबरग्लासची, वर साधारण चौघे जण. खाली पंखा नाही, पाणी ओढून मागे जोरात फेकायचं आणि त्या रेट्यानं पळायचं. म्हणून उथळ पाण्यातही ती अडत नसे. नेमका शब्द सुचवा.

महालातून:
दादा, 'गस्तीनौका'. कुणी 'पहारानौका' सुचवेल, पण पहारा 'प्रहर'वरून आला, तो एका जागी देतात. गस्त फिरून घालतात. फारसी 'गश्त'चा अर्थच फिरणं. या बोटींचं काम तेच होतं. नदीतून येणारे-जाणारे सांपान (तिकडच्या चपट्या तळाच्या लाकडी होड्या) थांबवायचे, झडती घ्यायची, हत्यारं पलीकडे पोचू द्यायची नाहीत.

नंदनवनातून:
पण 'नौका' म्हटलं की समुद्र आठवतो. माझं माहेर भंडाऱ्याचं. वैनगंगेवर ढिवर लोक डोंगा चालवतात, नाव चालवतात. नौका कोणी म्हणत नाही. 'गस्तीनाव' का नको?

महालातून:
ताई, 'गस्तीनाव' वाचताना कुणाला ते गस्तीचं नाव वाटेल. शिवाय तटरक्षक दलाच्या बातम्यांमुळे 'गस्तीनौका' रुळलाय. पहिल्यांदा 'नदीवरची गस्तीनौका' लिहावं, पुढे नुसतं 'गस्तीनौका'. 'नदीगस्तीनौका' असा डब्याला डबा जोडू नये.

सीताबर्डीतून:
शब्दात नदी पक्की बांधूच नका. २०२१ च्या जानेवारीत भारतीय लष्करानं गोवा शिपयार्डकडे १२ वेगवान गस्ती बोटींची मागणी नोंदवली. त्या पँगाँगसारख्या मोठ्या जलाशयांसाठी आहेत, आणि पँगाँग हे सरोवर आहे.

धरमपेठेतून:
'गस्तीनौका' घेतो. लेखात पहिल्या महायुद्धातल्या गनबोटीही आहेत. इंग्रजांनी त्यांचे सुटे भाग इराणमधल्या अबादानला नेऊन जोडले आणि टायग्रिस नदीवर उतरवल्या. त्यांनाही हाच शब्द?

महालातून:
नाही. त्यांच्यावर चार इंची तोफ होती आणि काठानं लढणाऱ्या फौजेला साथ देणं हे त्यांचं मुख्य काम. तिथे 'तोफनौका'च लिहा. मेकाँगवरच्या बोटींची मुख्य हत्यारं मशीनगन, त्यांना तोफनौका म्हटलं तर वाचकाची गल्लत होईल.